आटा कुठे ठेवला असेल?

२०२५ च्या जूनमध्ये, शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात, आठवीच्या मुलांना मी वर्तमानपत्रातलं एक जुनं कात्रण वाचायला दिलं. आमची उर्दू माध्यमाची शाळा. मराठीचा तास म्हटला की मुलं जरा दबकून बसतात, म्हणून सुरुवात पुस्तकाने न करता बातमीने करायची, असा माझा रिवाज आहे. बातमी होती नौदलाच्या दोन महिला अधिकाऱ्यांची, दिलना के. आणि रूपा ए. यांची. २ ऑक्टोबर २०२४ ला त्या 'तारिणी' नावाच्या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी घालून २९ मे २०२५ ला गोव्यातच परतल्या. वाटेत चार बंदरं. बाकी सगळे दिवस दोघी आणि समुद्र.

वाचून झाल्यावर विचारलं, काही प्रश्न? मला वाटलं होतं मुलं वादळाबद्दल विचारतील, नाहीतर शार्क माशाबद्दल. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आटा कुठे ठेवला असेल?"

वर्ग हसला. मीही हसलो. फळ्यावर 'आटा, पीठ, कणीक' असे तीन शब्द लिहिले आणि त्यांतला फरक सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. घरात पाच-सहा माणसांचा स्वयंपाक बघणाऱ्या मुलीलाच असा प्रश्न सुचतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या घरातला आटा कुठे असतो हे मला २०२० च्या ऑगस्टपर्यंत धड माहीत नव्हतं. त्या ऑगस्टची गोष्ट पुढे येईलच.

आधी कबुली देतो. मी भंडाऱ्याचा माणूस. आमच्याकडे वैनगंगा आहे, तलाव मोजता येणार नाहीत इतके आहेत, पण समुद्र मी आयुष्यात तीनदाच पाहिला, तोही किनाऱ्यावर उभा राहून. शिडाच्या बोटीत पाय ठेवलेला नाही. तरी त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी बोटींचे आतले आराखडे शोधून बघायला लागलो. वरून, छत काढून टाकल्यासारखं चित्र काढलेलं असतं: इथे चूल, इथे बिछाना, इथे नकाशाचं टेबल, इथे कप्पे. नवीन घर बांधणारा माणूस नकाशे बघतो तसा रात्री जेवण झाल्यावर मी हे आराखडे बघायचो. बायको म्हणाली, "समुद्रात घर घेता की काय?"

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हिशेब मांडला. हीच तारिणी २०१७ मध्येही जगाला फेरी घालून आली होती, तेव्हा वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा जणी होत्या. १० सप्टेंबर २०१७ ला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरापासून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅन्लीपर्यंतचा त्यांचा टप्पा चाळीस दिवसांच्या आसपासचा होता. मुलांना म्हटलं, धरा की प्रत्येकीने दिवसाला सहा रोट्या खाल्ल्या. सहा जणी, सहा रोट्या, चाळीस दिवस: एक हजार चारशे चाळीस रोट्या. किलोभर आट्याच्या पंचवीस रोट्या होतात असं त्या मुलीनेच सांगितलं. म्हणजे अठ्ठावन्न किलोच्या आसपास आटा. त्या खरंच रोट्या खात होत्या की भात, ते सोडा. छप्पन्न फुटांच्या बोटीत पोतंभर वजन ठेवायचं कुठे, हा सवाल मात्र खरा.

याचं उत्तर मुलांनी स्वतः शोधलं. बादलीत पाणी घेतलं, पत्र्याचा उभट डबा तरंगायला सोडला. खडे डब्याच्या तळाशी घातले तर डबा हलवला तरी पुन्हा सरळ होतो. तेच खडे पिशवीत बांधून डब्याच्या तोंडावर ठेवले तर जरा धक्का लागताच डबा उलटतो. खडे एका बाजूला सरकले तर डबा त्या बाजूला कलतो आणि तसाच राहतो. बोटीचा सगळा संसार याच तीन गोष्टींवर चालतो. जड ते खाली आणि मध्यावर. हलकं ते वर आणि दोन्ही टोकांना. आणि ठेवलेलं जागचं हलता कामा नये. पाण्याच्या टाक्या, डब्यातलं अन्न, अवजारं ही तळाजवळ आणि बसायच्या बाकांखाली. कपडे, ब्रेड, कागद वरच्या फळ्यांवर. पुढच्या निमुळत्या टोकाला शिडं आणि दोर. तिथे बिछाना असतो, पण समुद्र खवळला की तिथे कोणी झोपत नाही, कारण बोट सर्वांत जास्त तिथेच आपटते. एसटीच्या मागच्या सीटवर बसून भंडारा ते पवनी गेलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता बोटी-बोटींतला फरक बघा. मी दोन बोटी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

पहिली 'सुहैली'. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १४ जून १९६८ ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, तिथेच परत आला. एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी घालणारा तो पहिला माणूस. त्याची बोट आपल्या मुंबईत, आपल्या कारागिरांनी, सागवानात बांधलेली होती, हे किती जणांना माहीत असतं? इराणच्या आखातातल्या एका वाऱ्यावरून तिचं नाव ठेवलं. उर्दूच्या शिक्षकाला यात आणखी एक गंमत दिसते. सुहैल हा दक्षिणेकडचा ठळक तारा. माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एक सुहैल असतोच. याच ताऱ्याला मराठीत अगस्त्य म्हणतात, समुद्र पिऊन टाकणारा ऋषी. एका भाषेत वर्गातला मुलगा, दुसरीत ऋषी, आणि तारा एकच.

सुहैली जेमतेम बत्तीस फुटांची. जुन्या पद्धतीची आणि खोल. अशा लहान बोटीत उभं राहिलं की हात कशाला ना कशाला टेकतोच. राहायला हे गैरसोयीचं, पण बोट कलली की माणूस पडून पडून किती पडणार? हाताशी लगेच काहीतरी सापडतं. पायाखालच्या फळ्या उचलल्या की खाली खोल खळगा, त्यात जड सामान मावतं.

दुसरी 'म्हादेई', आणि तिच्याच घडणीची तिची धाकटी बहीण 'तारिणी'. दोन्ही गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधल्या गेल्या. म्हादेई २००९ मध्ये नौदलात आली, तारिणी २०१७ मध्ये. म्हादेईतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच फेरी कुठेही न थांबता केली. छप्पन्न फूट म्हणजे सुहैलीच्या पावणेदोन पट लांबी. जागा जास्त, पण एकट्या माणसाला तीच जागा जड जाते. चुलीपासून सुकाणूपर्यंतचं अंतर वाढतं, आणि वादळात वाढलेलं प्रत्येक पाऊल म्हणजे पडायची आणखी एक संधी. सहा जणींना जी बोट दाटीवाटीची, तीच एकट्याला मोकळी पडते. म्हणून आराखडा चांगला की वाईट हे नुसत्या मापावर ठरत नाही. किती जण राहणार आणि किती दिवस, यावर ते ठरतं.

याखेरीज सुट्टीत फिरायच्या नव्या बोटी असतात. त्यांचे आराखडे बघून आमच्या सौभाग्यवती खूश झाल्या. रुंद बैठक, मधोमध मोठा पलंग, चारी बाजूंनी फिरायला जागा, पांढरं स्वच्छ स्वयंपाकघर. बंदरात बांधून ठेवलेल्या बोटीत हे छानच. पण समुद्रात, बोट तीस अंश कलली असताना, मधोमधच्या त्या पलंगावर झोपणार कसं? अशा वेळी लागतो अरुंद बिछाना, बाजूच्या भिंतीला लागून, मोकळ्या कडेला जाड कापड वर बांधलेलं, म्हणजे माणूस गडगडून खाली येत नाही. आपल्याकडे लेकराला झोळीत घालतात तसंच. चूल दोन खुंट्यांवर झुलती ठेवतात, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. टेबलाला, फळीला, ओट्याला चारी कडांनी बोटभर उंच पट्टी. कप्प्याच्या दारांना पक्की खिटी, नुसतं चुंबक नाही. बोट उलटली तर आतलं सामान बाहेर उडता कामा नये, कारण भरलेला डबा डोक्यात बसला तर तो दगडच.

बंदरात उभं राहून जे घर सुंदर दिसतं ते वादळात उपयोगाचं असेलच असं नाही. हे वाक्य लिहिताना मी माझ्याच घराकडे बघत होतो.

दोन्ही बोटींत एक गोष्ट सारखी घडली, ती पाण्याची. सप्टेंबर १९६८ मध्ये दक्षिणेच्या समुद्रात सुहैलीला लाटेने आडवं पाडलं, केबिनच जोडातून हलली, आणि पुढे कळलं की टाक्यांमधलं पिण्याचं पाणी खराब झालंय. म्हादेईवर अभिलाष टॉमी यांच्या फेरीच्या शेवटच्या टप्प्यात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं. दोघांनीही पावसाचं पाणी धरून भागवलं. म्हणूनच लांब जाणारे लोक सगळं पाणी एका टाकीत ठेवत नाहीत. दोन-तीन टाक्या वेगळ्या, त्यांच्या नळ्या वेगळ्या, शिवाय काही कॅन बाजूला बांधून ठेवलेले. एक बिघडलं तर दुसरं उरतं.

आणि तिसरी बोट, 'थुरिया'. सुहैलीच्या फेरीला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरली. त्यासाठी दिवाडीलाच सुहैलीची हुबेहूब प्रतिकृती बांधली, आणि अभिलाष टॉमी तीतून निघाले. २१ सप्टेंबर २०१८ ला हिंदी महासागराच्या दक्षिणेत, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून एकोणीसशे सागरी मैलांवर, लाटांनी बोट उलटीपालटी केली. डोलकाठ्या मोडल्या. त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. त्यांनी छोट्या यंत्रावरून कळवलं की उठता येत नाही, खाता-पिता येत नाही, आणि आणीबाणीच्या पिशवीपर्यंत पोचणं कठीण आहे. त्या पिशवीत दुसरा सॅटेलाइट फोन होता, हातातला रेडिओ होता. बोट बत्तीस फुटांची, पिशवी त्याच बोटीत. पण माणूस बिछान्यावर, उठता येत नाही, म्हणजे पिशवी जणू मुंबईला. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाच्या लोकांनी त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर काढलं. (पुढे हाच माणूस २०२२ मध्ये 'बायनत' नावाच्या बोटीतून तीच शर्यत पुन्हा खेळला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. असो.)

ती पिशवी माझ्या डोक्यातून जात नाही. आता ऑगस्टची गोष्ट सांगतो.

२०१९ च्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात घरोघरी एकच काम चाललं होतं. कागद काढा, कागद लावा. कारण सांगायला नको, तुम्हाला आठवत असेल. आम्हीही काढले. घराची रजिस्ट्री, माझ्या बी.एड.च्या मार्कशीट, राशन कार्डं, आणि अब्बांची शाळेची टी.सी. ही टी.सी. म्हणजे घरातला सर्वांत जुना कागद. भंडारा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्या काळातली ती. शाईने लिहिलेलं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख. सगळे कागद एका फायलीत लावले आणि फाईल ठेवली दादांच्या पत्र्याच्या पेटीत. दादा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते, तेव्हाची ती पेटी. जड, कुलूपवाली. ती दिवाणाखाली, भिंतीला लावून सरकवली. चोराला दिसणार नाही, उंदराला शिरता येणार नाही. माझ्या मते घरातली सर्वांत सुरक्षित जागा.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला. दुपारी बायको आणि मुलगी शहरातल्याच उंचावरच्या भागात मेहुणीकडे गेल्या. अब्बा म्हणाले, इतकं पाणी येत नसतं, मी घर सोडणार नाही. मी त्यांच्यासोबत थांबलो. रात्री वीज गेली. मग पाणी उंबऱ्यावरून आत आलं, आवाजही झाला नाही. त्यातच अब्बांचा दमा उठला.

पंप कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. अब्बांनाही नव्हतं, कारण तो रोज त्यांच्या हातात बायको देत असे. मोबाइलच्या उजेडात मी आलमारी उघडली, स्वयंपाकघरातले डबे उघडले. आटा कुठे असतो हे त्या रात्री कळलं, पंप काही सापडेना. मागून अब्बांच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. तिसऱ्यांदा फोन लागला. ती एवढंच म्हणाली, "फ्रिज के ऊपर, अम्मी के पानदान में." माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. मी त्या पानदानाशेजारून दोनदा गेलो होतो.

शेजाऱ्यांच्या गच्चीवर रात्र काढली. दिवाणाखालच्या पेटीची आठवण झाली ती पहाटे.

सकाळी गल्लीत डोंगा आला. मासेमारी करणाऱ्या दोघा भावांचा. अब्बांना त्यांनी गच्चीच्या जिन्यावरून लेकरासारखं उचलून घेतलं. तोवर मी आयुष्यात बोटीत बसलो नव्हतो. त्या डोंग्यात सामान म्हणाल तर एक बांबू, एक वल्हं आणि पाणी उपसायचा तेलाचा कापलेला डबा. तो डबा सुतळीने आडव्या फळीला बांधलेला होता. मी विचारलं, बांधला कशाला? थोरला म्हणाला, "सर, ज्या वेळी लागन त्याच वेळी वाहून जाते ना."

या एका वाक्याचा अर्थ मला पाच वर्षांनी, छप्पन्न फुटी बोटींचे आराखडे बघताना नीट कळला. मी वस्तू ठेवताना चोराचा विचार केला होता, पाण्याचा नाही. मी दिवसाउजेडी, वीज असताना, सगळे घरात असताना घर लावलं होतं. आणि सगळे कागद एकाच पेटीत, म्हणजे सगळं पाणी एकाच टाकीत. बोटवाले वस्तूची जागा ठरवताना उलटा विचार करतात: अंधार आहे, सगळं हलतंय, मी पडलोय, एकच हात चालतोय, आणि ज्याला जागा माहीत आहे तो माणूस इथे नाही. तेव्हा ही वस्तू मिळेल का?

पाणी ओसरल्यावर पेटी उघडली. प्लास्टिकमध्ये असलेले कागद वाचले. मार्कशीट चुरगळल्या, तरी वाचता येत होत्या. अब्बांची टी.सी. दोरीवर चिमट्याने वाळत घातली. वाळली, पण शाई नव्हती. फक्त शिक्क्याचा निळसर डाग उरला होता. अब्बा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "काग़ज़ गया, काग़ज़वाला तो है." मला हसवायला म्हणाले असतील. मला हसू आलं नाही. कागदवाल्याची दुसरी प्रत निघत नाही, आणि त्या रात्री मी फ्रिजच्या शेजारी उभा राहून तोच गमावत होतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून टी.सी.ची नक्कल नंतर मिळाली. पण ते अक्षर, ती शाई मिळाली नाही.

आता घर वेगळं लावलं आहे. मूळ कागद जलरोधक पिशवीत, माळ्यावर, खिळ्याला अडकवलेले. एक नक्कल मेहुणीकडे, एक फोनमध्ये. औषधाची छोटी पिशवी अब्बांच्या पलंगाच्या डोक्याशी, दांडीला सुतळीने बांधलेली, झोपल्या झोपल्या हात पुरेल अशी. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली आहे, कोणती वस्तू कुठे. मराठीतही आणि उर्दूतही, कारण अब्बांना उर्दू लवकर वाचता येतं आणि लेकीला मराठी. लांबच्या सफरीवर जाणाऱ्या बोटींतही सामानाची अशी यादी ठेवतात, हे मला नंतर कळलं. आमची यादी बायकोने सांगितली आणि मी लिहिली. लिहिताना लक्षात आलं की एकोणीस वर्षांच्या संसारात हे घर मी पहिल्यांदाच बघतोय. ती एकटीच या बोटीचा आराखडा डोक्यात घेऊन फिरत होती.

त्या मुलीला मी तिच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं: आटा एका जागी नसतो. घट्ट झाकणाच्या डब्यांत वाटून, बोटीच्या मध्यावर, खाली ठेवायचा, आणि थोडा चुलीजवळ हाताशी. तिने विचार केला आणि म्हणाली, "आमच्या घरी पण तसंच आहे सर. मोठी कोठी खाली, छोटा डबा वर."

मग तिने सगळ्या वर्गाला विचारलं, तुमच्या घरी आटा कुठे आहे? मुली सगळ्या सांगू शकल्या. मुलांपैकी चौघांनी हात वर केले. मी त्यांना गृहपाठ दिला: आज घरी जाऊन बघून या, आणि मराठीत दहा ओळी लिहा.